आधी कोण जाणार? वेळेचे पॅकेट, स्विचची रांग आणि अग्रक्रमाचा दीड शतकाचा इतिहास

दिल्लीतील करोल बागेतून पुसा रोडने पश्चिमेकडे निघाले, की बाजाराची गर्दी हळूहळू मागे पडते आणि काही किलोमीटरच्या आतच पुसाचा विस्तीर्ण, झाडीचा परिसर लागतो. याच परिसरात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित नेहरूंनी तिची पायाभरणी केली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सर के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक. देशाचा मीटर, देशाचा किलोग्रॅम आणि देशाचा सेकंद यांची जबाबदारी या संस्थेकडे आहे. सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा एक सेकंद, ही १९६७ पासूनची व्याख्या येथील घड्याळांत प्रत्यक्ष चालते, आणि तेथून भारतीय प्रमाण वेळ देशभर पोहोचवली जाते.

ही वेळ गेल्या काही वर्षांत पुन्हा बातम्यांत आली आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्या यांनी आपल्या संगणकप्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवावयाची आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाण वेळेसंबंधीच्या वैधमापन नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील पाच प्रादेशिक प्रयोगशाळांतून ही वेळ वितरित करण्याची योजनाही आखली गेली आहे.

बातम्यांत अणुघड्याळाचे छायाचित्र असते. परंतु अणुघड्याळ आणि आपल्या टेबलावरील संगणक यांच्यामध्ये एक फारसे न दिसणारे यंत्र बसलेले असते. ते यंत्र म्हणजे नेटवर्क स्विच. वेळ सांगणारे पॅकेट त्याच्या दारात येते तेव्हा तेथे आधीच रांग असते. कुणाची चित्रफीत, कुणाचा ई-मेल, कुणाचा बँक व्यवहार. या रांगेत वेळेच्या पॅकेटाला पुढे जाऊ द्यावे काय? द्यावे तर त्याची किंमत कोण मोजणार? आणि पुढे जाऊ दिल्याने प्रश्न खरोखर सुटतो काय?

हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. वाचकहो, आज त्याचाच इतिहास पाहू.

■ तारेवरची पहिली रांग

१७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये वीस राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तारयंत्र करारावर सह्या केल्या. आजच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा हा जन्मदिवस होय. भारत १८६९ पासून या संघात आहे. त्या कराराने तारांचे तीन वर्ग केले: सरकारी तारा, तारखात्याच्या स्वतःच्या कामाच्या तारा आणि खाजगी तारा. सरकारी तारेला इतरांच्या पुढे जाण्याचा हक्क मिळाला.

कारण उघड होते. एका तारेवरून एका वेळी एकच संदेश जाई. दोन संदेश एकत्र आले की एकाला थांबावे लागे, आणि कोणी थांबायचे हे त्या त्या तारबाबूच्या मर्जीवर सोडणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अग्रक्रमाचा पहिला आंतरराष्ट्रीय नियम अभियंत्यांनी गणित करून काढलेला नव्हता. तो सत्तेचा निर्णय होता. पुढे १९०६ च्या बर्लिन बिनतारी परिषदेत बुडत्या जहाजाच्या हाकेला सर्वांच्या पुढे स्थान मिळाले आणि सत्तेच्या शेजारी जीविताचा निकष आला. भारतीय तारखात्यात सामान्य माणसासाठी 'ऑर्डिनरी' आणि 'एक्स्प्रेस' असे दोन दर होते, म्हणजे तिसरा निकष पैशाचा. जुलै २०१३ मध्ये ही तारसेवा बंद झाली.

सत्ता, जीवित आणि पैसा हे अग्रक्रमाचे तीन जुने आधार. चौथा आधार वेळेने दिला.

■ अकराला पंचावन्न झाले की तारा मोकळ्या

एकोणिसाव्या शतकात रेल्वेमुळे एकसमान वेळेची निकड भासू लागली. भारतात रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ स्वीकारली आणि ती तारेने दूरदूरच्या स्थानकांना कळू लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. वेळ पोहोचली म्हणजे ती स्वीकारली जातेच असे नाही, हा धडा मुंबईकरांनी तेव्हाच दिला होता.

परंतु वेळ पोहोचवण्याची तांत्रिक अडचण वेगळीच होती. साधी तार दहा मिनिटे उशिरा पोहोचली तरी तिच्यातील मजकूर खरा राहतो. 'आता बारा वाजले' हा संदेश मात्र दहा सेकंद उशिरा पोहोचला तर तो खोटा ठरतो. तो रांगेत उभाच राहू शकत नाही.

अमेरिकेत यावर सरळ उपाय निघाला. नौदल वेधशाळेचा माध्यान्हाचा संकेत वेस्टर्न युनियन कंपनीच्या तारांवरून जात असे. बारा वाजण्यापूर्वीची शेवटची काही मिनिटे, साधारण अकरा पंचावन्नपासून, नेहमीचा तारव्यवहार थांबवून तारा मोकळ्या केल्या जात. मग त्या मोकळ्या तारेवर सेकंदांचे ठोके उमटत आणि बाराच्या ठोक्यानंतर पुन्हा व्यापार सुरू होई.

हे केवळ 'वेळेला पुढे जाऊ द्या' असे नव्हते. 'वेळ येण्याच्या आधीच रस्ता रिकामा करून ठेवा' असे ते होते. हा सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा, शंभर वर्षांनी तोच पुन्हा भेटणार आहे.

■ ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग

स्वातंत्र्योत्तर भारतात रांगेचा अनुभव घराघरांत आला तो टेलिफोनमुळे. करोल बागेत सोनेचांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त सांगली-सातारा भागांतील अनेक गलाई कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांच्या आधीच्या पिढ्यांना, किंवा तेव्हा दिल्लीहून गावी फोन लावणाऱ्या कोणालाही, ट्रंक कॉल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एक्स्चेंजला फोन करून कॉल नोंदवायचा आणि वाट पाहायची. 'ऑर्डिनरी' कॉलला तासन्‌तास लागत. 'अर्जंट'ला दुप्पट पैसे. 'लाइटनिंग' त्याहून कितीतरी महाग, पण सर्वांच्या पुढे. स्विचबोर्डापुढे बसलेली ऑपरेटर चिठ्ठ्या लावून घेई. आजच्या भाषेत सांगायचे, तर तीन रांगांचा स्विच ती स्वतःच चालवीत होती.

फोनची जोडणी मिळवण्यासाठीही वर्गवारी होती. भरघोस ठेव ठेवणाऱ्यांसाठी 'ओन युवर टेलिफोन' योजना, डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांसाठी विशेष यादी आणि उरलेल्यांसाठी सर्वसाधारण यादी. सर्वसाधारण यादीतील माणूस वर्षानुवर्षे थांबे.

या रांगा अखेर संपल्या त्या कशाने? याद्यांची फेररचना करून नव्हे. २६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ-कानपूर मार्गावर देशातील पहिली एस.टी.डी. सेवा सुरू झाली आणि ऑपरेटरच्या चिठ्ठीवाचून दूरचा फोन लागू लागला. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली आणि १९८६ मध्ये तिचे १२८ लाइनचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. त्याच वर्षी १ एप्रिलला दिल्ली आणि मुंबईसाठी महानगर टेलिफोन निगम अस्तित्वात आले. डिजिटल स्विच वाढले, तारा वाढल्या, क्षमता वाढली, तेव्हा रांग ओसरली. अग्रक्रमाने रांग कधीच आटत नाही. रांगेतील माणसांचा क्रम तेवढा बदलतो.

हे विधान अनुभवाचे वाटेल. वस्तुतः ते प्रमेय आहे.

■ रांगेचे गणित

कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोन कॉलच्या आगमनाचे संभाव्यताशास्त्र मांडले. रांगसिद्धान्ताचा प्रारंभ तेथे झाला. १९५४ मध्ये ॲलन कोबहॅम यांनी अग्रक्रम असलेल्या रांगेत कोणाला किती थांबावे लागते याचे सूत्र दिले. १९६५ मध्ये लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी 'अक्षय्यतेचा नियम' सिद्ध केला. भौतिकीच्या विद्यार्थ्याला हा शब्द ऐकताच ऊर्जा आणि संवेग आठवतील, आणि ते साम्य वरवरचे नाही. क्लाइनरॉक यांचे म्हणणे असे: मार्ग तोच असेल, भार तोच असेल आणि काम असताना मार्ग रिकामा बसत नसेल, तर रांगेचा क्रम कसाही लावा, भाराच्या प्रमाणात मोजलेली एकूण प्रतीक्षा बदलत नाही. एकाचे थांबणे कमी केले की ते दुसऱ्याच्या वाट्याला जाते.

आकड्यांत पाहू. समजा, स्विचचा एक मार्ग ८० टक्के भरलेला आहे आणि सर्व पॅकेटे सारख्या आकाराची आहेत. नव्याने आलेल्या पॅकेटाला, आधीच तारेवर चढलेले पॅकेट संपेपर्यंत सरासरी जितके थांबावे लागते, त्या काळाला एक एकक म्हणू. कोबहॅम यांच्या सूत्राने उत्तरे अशी येतात:

• कोणालाच अग्रक्रम नाही: सर्वांना ५ एकके.
• १० टक्के पॅकेटांना अग्रक्रम: त्यांना १.०९, बाकीच्यांना ५.४३.
• ५० टक्के पॅकेटांना अग्रक्रम: त्यांना १.६७, बाकीच्यांना ८.३३.
• ९० टक्के पॅकेटांना अग्रक्रम: त्यांना ३.५७, बाकीच्यांना १७.८६.

प्रत्येक ओळीची सरासरी काढून पाहा. ती ५ च येते.

या चार ओळींत स्विच चालवण्याचे सारे शहाणपण आहे. थोड्यांना पुढे सोडले तर त्यांचा मोठा लाभ होतो आणि बाकीच्यांना ते जाणवतही नाही. पुष्कळांना पुढे सोडले तर 'विशेष' असण्याला अर्थ उरत नाही, आणि जे थोडे मागे राहतात त्यांची दैना होते. अग्रक्रमाचे मूल्य त्याच्या दुर्मिळतेत आहे.

आणखी एक बारकावा. १.०९ हा आकडा शून्य नाही. सर्वोच्च अग्रक्रम असूनही सरासरी एका एककाहून अधिक थांबावे लागते. आगगाडीचे उदाहरण घ्या. राजधानीला कितीही मान असला, तरी पुढच्या ब्लॉक सेक्शनमध्ये मालगाडी आधीच शिरली असेल तर ती बाहेर पडेपर्यंत राजधानी सिग्नलवर उभीच राहते. हा बारकावा पुढे निर्णायक ठरतो.

■ तीन बिटांची वंशावळ

संगणकांच्या जाळ्यात अग्रक्रम आला तो लष्कराच्या दारातून. साठच्या दशकात अमेरिकी लष्कराच्या 'ऑटोव्हॉन' टेलिफोन जाळ्यातील उपकरणांवर नेहमीच्या बारा कळांशेजारी चार अधिक कळांचा चौथा स्तंभ असे. 'प्रायॉरिटी', 'इमिजिएट', 'फ्लॅश' आणि 'फ्लॅश ओव्हरराइड'. वरच्या दर्जाचा कॉल खालच्या दर्जाचा चालू कॉल तोडूनही पुढे जाऊ शकत असे. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचा मूळ दस्तऐवज प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रत्येक पॅकेटाच्या माथ्यावर तीन बिटे अग्रक्रमासाठी राखून ठेवली गेली. तीन बिटे म्हणजे आठ पायऱ्या, आणि त्यांत 'रूटीन'पासून 'फ्लॅश ओव्हरराइड'पर्यंतची लष्करी नावे जशीच्या तशी उतरली होती.

इथरनेट स्विचला ही सोय १९९८ च्या सुमारास मिळाली. फ्रेमला लावल्या जाणाऱ्या चार बाइटांच्या चिठ्ठीत पुन्हा तीनच बिटे, ० ते ७. सर्वांत वरची पायरी जाळ्याच्या स्वतःच्या नियंत्रणासाठी, म्हणजे १८६५ मधील 'तारखात्याच्या स्वतःच्या तारा' येथे थेट शिखरावर बसल्या. त्याखाली आवाज, त्याखाली चित्र. यात एक गंमत विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावी: १ ही पायरी ० च्या खाली आहे. ज्या पॅकेटावर कोणी काहीच लिहिलेले नाही त्याला ० मिळतो, आणि 'मला मुळीच घाई नाही' असे सांगणाऱ्याला १. मौन पाळणाऱ्यापेक्षा नम्र माणूस मागे उभा राहतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंटरनेट प्रोटोकॉलच्या मूळ तीन बिटांची जागा सहा बिटांच्या नव्या खुणेने घेतली.

आता स्विचच्या आत डोकावू. प्रत्येक पोर्टमागे बहुधा चार किंवा आठ रांगा असतात. कोणत्या खुणेचे पॅकेट कोणत्या रांगेत उभे करायचे याचा तक्ता चालक भरतो. मग रांगा उपसण्याची पद्धत ठरवतो. 'कडक' पद्धतीत वरची रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय खालच्या रांगेला हात लागत नाही. 'भारित' पद्धतीत प्रत्येक रांगेला आळीपाळीने ठरावीक वाटा मिळतो. कडक पद्धतीत वरची रांग फुगली तर खालची रांग उपाशी मरते. म्हणून जाणते चालक कडक रांग एखाद-दुसऱ्या, अत्यल्प वाहतुकीसाठीच ठेवतात आणि उरलेल्या रांगा भारित पद्धतीने चालवतात.

■ वेळेच्या पॅकेटाला पुढे सोडले, मग?

वेळेचे पॅकेट लहान असते आणि क्वचित येते. वरच्या तक्त्यातील दहा टक्के सोडा, ते एक टक्काही भरत नाही. म्हणजे अग्रक्रम देण्यास याहून योग्य उमेदवार नाही. तरीही काम पुरते होत नाही. का, ते पाहू.

सर्वसाधारण मोठी इथरनेट फ्रेम, तिच्या आगेमागेच्या मोकळ्या जागेसह, तारेवर १,५३८ बाइटांइतकी जागा घेते. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या तारेवर ती उतरण्यास सुमारे १२.३ मायक्रोसेकंद लागतात. ती नुकतीच निघाली असेल आणि मागून वेळेचे पॅकेट आले, तर सर्वोच्च अग्रक्रम असूनही त्याला तेवढे थांबावे लागेल. मालगाडी सेक्शनमध्ये शिरलेली आहे. १२.३ मायक्रोसेकंदांत प्रकाश निर्वातात ३.७ किलोमीटर जातो. दिल्लीतील घड्याळ नॅनोसेकंदांच्या भाषेत बोलते, आणि वाटेतला एकच स्विच त्या बोलण्यात हजारो नॅनोसेकंदांची अडखळ घालतो.

त्याहून वाईट म्हणजे ही चूक एकतर्फी असते. जाळ्यावरून वेळ जुळवताना पॅकेट पाठवायचे, उत्तर घ्यायचे आणि जाण्यायेण्याचा काळ सारखा मानून त्याचे दोन भाग करायचे, अशी रीत आहे. जाताना १२ मायक्रोसेकंद थांबावे लागले आणि येताना मुळीच नाही, तर घड्याळ ६ मायक्रोसेकंदांनी चुकते. बहुतेक कार्यालयांत बाहेरून आत येणारी वाहतूक बाहेर जाणाऱ्या वाहतुकीपेक्षा जास्त असते. त्यामुळे ही चूक सरासरीने पुसली जात नाही. ती एकाच दिशेला साचत राहते.

या अडचणीवर तीन पिढ्यांनी तीन उत्तरे शोधली.

पहिले उत्तर डेव्हिड मिल्स यांचे. त्यांच्या 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल'चा पहिला दस्तऐवज सप्टेंबर १९८५ चा. त्यांनी कोणाकडे अग्रक्रम मागितलाच नाही. पुढे त्या प्रोटोकॉलमध्ये शेवटच्या आठ फेऱ्यांपैकी जिला सर्वांत कमी वेळ लागला तीच फेरी विश्वासार्ह धरण्याची युक्ती आली. जी कमी थांबली तीच खरे बोलते. रांग बदलता येत नसेल, तर रांगेत न अडकलेल्याची साक्ष घ्यावी, असा हा व्यवहारी विचार. मिलिसेकंदांच्या अचूकतेसाठी तो आजही पुरेसा आहे. आपल्या संगणकांचे घड्याळ बहुधा याच मार्गाने जुळते. १७ जानेवारी २०२४ रोजी मिल्स यांचे निधन झाले.

दुसरे उत्तर २००८ चे. 'प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल' २००२ मध्ये आला होता. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत स्विचलाच प्रामाणिकपणाची सक्ती करण्यात आली. पॅकेट आत आले तो क्षण आणि बाहेर पडले तो क्षण स्विचने मोजायचा आणि मधला मुक्काम त्या पॅकेटावरच लिहून द्यायचा. या नोंदीचा रकाना ६४ बिटांचा आहे आणि त्यात नॅनोसेकंदाच्या ६५,५३६ व्या भागापर्यंतचा हिशेब मांडता येतो. अशा स्विचला 'पारदर्शक घड्याळ' म्हणतात. थांबणे टळले नाही, पण किती थांबलो हे कळले, म्हणजे ते वजा करता आले. याच धाग्यावर युरोपातील सर्न प्रयोगशाळेत 'व्हाइट रॅबिट' हे तंत्र विकसित झाले आणि इथरनेटवरूनच एका नॅनोसेकंदाच्या आतील अचूकता साधली गेली.

मला हे उत्तर सर्वांत भौतिकीय वाटते. प्रयोगशाळेत आपण दोष नाहीसा करू शकत नसू तर तो मोजतो आणि उत्तरातून वजा करतो. येथेही तेच केले आहे. रांगेत पहिले स्थान मिळवण्याच्या दीड शतकाच्या धडपडीनंतर कोणीतरी म्हणाले: मला पुढे जाऊ देऊ नका, फक्त मी किती थांबलो ते खरे लिहून द्या.

तिसरे उत्तर त्यानंतरचे. काही संदेशांना हिशेब चालत नाही, त्यांना वेळेवर पोहोचावेच लागते. वीज उपकेंद्रात दोष दिसताच ब्रेकर उघडण्याचा संदेश ३ मिलिसेकंदांच्या आत जावा अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. अशा वाहतुकीसाठी २०१५ मध्ये इथरनेट स्विचच्या रांगांना वेळापत्रकानुसार उघडणारी दारे बसवण्यात आली. ठरलेला क्षण जवळ आला की इतर सर्व रांगांची दारे बंद होतात, तारेवरची शेवटची फ्रेम उतरून जाते, आणि मोकळ्या तारेवर महत्त्वाचा संदेश निघतो. पुढच्या वर्षी, चालू फ्रेम मध्येच थांबवून तातडीची फ्रेम पुढे काढण्याची सोयही आली.

ओळख पटली ना? अकरा पंचावन्नला तारा मोकळ्या करणारी वेस्टर्न युनियनची रीत ही हीच. शतकापूर्वी जे पाच मिनिटांचे होते ते आता मायक्रोसेकंदांचे झाले. मात्र एक पेच नवा आहे. सर्व स्विचची दारे एकाच क्षणी उघडण्यासाठी त्या सर्वांचे घड्याळ आधी जुळलेले हवे. वेळेला रस्ता हवा, आणि रस्त्याला वेळ हवी.

■ नेमणूक एकदा, देखरेख रोज

अग्रक्रमाचा तक्ता भरणे हे एका दुपारचे काम आहे. तो तक्ता खरा राहतो आहे काय हे पाहणे नित्याचे काम आहे. यात तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, खुणेवर विश्वास कोणाच्या ठेवायचा. पॅकेटावरची तीन बिटे पाठवणारा स्वतः लिहितो. प्रत्येकाने स्वतःला ७ लिहिले तर आपण वरच्या तक्त्यात नव्वद टक्क्यांच्या ओळीवर जाऊन पडतो. म्हणून जाळ्याच्या सीमेवरील स्विच अनोळखी पोर्टवरून आलेली खूण पुसून शून्य करतो आणि ओळखीच्या यंत्राचीच खूण मानतो. तारखात्यातही 'सरकारी तार' असे म्हणून भागत नसे, ती पाठवण्याचा अधिकार सिद्ध करावा लागे.

दुसरी, प्रत्येक रांगेतील मोजपट्ट्या. स्विच दर रांगेतून किती पॅकेटे गेली आणि किती टाकून द्यावी लागली याची मोजणी ठेवतो, आणि १९८८ पासून प्रचारात आलेल्या एसएनएमपी प्रोटोकॉलने ती दूरवरून वाचता येते. वरच्या रांगेची संख्या अचानक वाढली, तर कोणीतरी मान नसताना पुढे घुसले आहे असे समजावे. खालच्या रांगेतील टाकलेली पॅकेटे वाढली, तर कोणाच्या तरी अग्रक्रमाची किंमत तेथे वसूल होत आहे.

तिसरी, घड्याळाचे विचलन. ते दिवसाच्या गर्दीच्या तासांत वाढून रात्री उतरत असेल, तर दोष घड्याळात नाही, रांगेत आहे.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडाच्या विस्तीर्ण भागात वीज गेली. चौकशी करणाऱ्यांपुढे हजारो घटनांच्या नोंदी होत्या, पण अनेक नोंदयंत्रांची घड्याळे परस्परांशी जुळलेली नव्हती. कोणती तार आधी तुटली हे ठरवण्यासच त्यांना अपार कष्ट पडले, आणि वेळ-जुळणी असलेली नोंदयंत्रे सक्तीची करावीत अशी शिफारस अहवालात आली. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी आपल्याकडे साठ कोटींहून अधिक लोकांची वस्ती असलेल्या प्रदेशाचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा कारणांची साखळी जुळवताना मिलिसेकंदांचे महत्त्व भारतीय अभियंत्यांनीही अनुभवले. अपघाताच्या क्षणी जाळ्यावर संदेशांचा पूर लोटतो. वेळ अचूक असण्याची गरज सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच रांगही सर्वांत लांब असते. शांत दिवशी अचूक असलेले घड्याळ पुरेसे नाही. गर्दीतही ते अचूक राहिले पाहिजे.

म्हणून नव्या नियमांची चर्चा होताना अणुघड्याळाइतकेच लक्ष वाटेवरील स्विचकडेही द्यावे लागेल. पुसाच्या प्रयोगशाळेतून निघालेली वेळ कायद्याने सर्वांची होईल. ती प्रत्येकाच्या यंत्रापर्यंत खरी पोहोचते की नाही हे मात्र महाविद्यालयाच्या, रुग्णालयाच्या, उपकेंद्राच्या कपाटातील त्या यंत्राचा तक्ता कोणी, कसा भरला आणि नंतर तो कोणी पाहिला, यावर ठरणार आहे. अग्रक्रम मागणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: तुमच्यामुळे कोण थांबणार, आणि त्याचे थांबणे कोण मोजणार?

विद्यार्थी मित्रांसाठी दोन उदाहरणे देतो. (१) सूत्र असे: अग्रक्रमी पॅकेटाची प्रतीक्षा = १ ÷ (१ − अग्रक्रमी भार). सामान्य पॅकेटाची प्रतीक्षा = १ ÷ [(१ − अग्रक्रमी भार) × (१ − एकूण भार)]. एकूण भार ०.९ धरून वरचा तक्ता पुन्हा मांडा. (२) सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या दहा साध्या स्विचची साखळी आहे आणि सर्वोच्च अग्रक्रमाचे पॅकेट प्रत्येक ठिकाणी दुर्दैवी ठरते. ते एकूण जास्तीत जास्त किती थांबेल, आणि परतीच्या वाटेवर मुळीच थांबले नाही तर घड्याळ कितीने चुकेल? उत्तरे प्रतिक्रियांत लिहा. कोणते गृहीत धरले तेही लिहावे, कारण अशा गणितात उत्तराइतकेच गृहीतही महत्त्वाचे असते.

#विज्ञानाचा_इतिहास #भारतीय_प्रमाण_वेळ #रांगसिद्धान्त